अण्णांची सरासरी

आकड्यांचा आणि माझा लहानपणापासून छत्तीसचा आकडा. आता गंमत पाहा, हे वैर सांगायलासुद्धा मला आकड्याचाच आधार घ्यावा लागला! खरे म्हणजे आपल्या मराठीचे आकड्यांवाचून पानही हलत नाही. घाबरलो की आपली पाचावर धारण बसते, बेत फसला की त्याचे तीनतेरा वाजतात, दारिद्र्य असलेच तर ते अठराविश्वे असते आणि खरे बोलणारा माणूस सोळा आणे खरे बोलतो. गेली वीस वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवतो आहे आणि हे सारे वाक्प्रचार वर्गात मोठ्या रंगात येऊन समजावून देतो. पण तेच आकडे कोष्टकात बसून, उभे-आडवे रांगा लावून माझ्यासमोर आले, की माझी खरोखरच पाचावर धारण बसते.

म्हणूनच २०२३ साली आमच्या प्राचार्यांनी मला बोलावून, "तुमच्या विभागाच्या निकालांचा एक आलेख करा. तपासणी समिती यायची आहे. जरा उठावदार होऊ द्या!" असे सांगितले, तेव्हा मला घाम फुटला. चार वर्षांचे आमचे निकाल होते शेकडा ७२, ७३, ७५ आणि ७६. मी इमानेइतबारे चार स्तंभ काढले. राष्ट्रगीताला उभ्या राहिलेल्या चार सख्ख्या भावांसारखे ते दिसू लागले. कोण मोठा, कोण धाकटा, काही कळेना. उठाव तर नावालाही नव्हता. तेव्हा विज्ञान शाखेतले एक तरुण सहकारी माझ्या मदतीला धावले. म्हणाले, "सर, तळ शून्यावर कशाला घेता? सत्तरावर घ्या." तसे केले मात्र, आणि चमत्कार झाला! सत्तराच्या वर पहिला स्तंभ दोन घरे उरला आणि चौथा सहा घरे. विभागाची प्रगती तिप्पट दिसू लागली. त्यात एकही आकडा खोटा नव्हता. फक्त जमीन सत्तर पायऱ्या वर उचलली होती. समितीने माना डोलावल्या, प्राचार्यांनी चहा पाजला आणि मी खुशीत घरी आलो. या पापाची कबुली आरंभीच देऊन ठेवतो, कारण पुढे तिचे काम पडणार आहे.

मग आले २०२४ सालचे ऑक्टोबर. मुक्ता, माझी मुलगी, तेव्हा दहावीत होती. सहामाही परीक्षा आटोपली आणि गणिताच्या बाईंनी प्रकल्प दिला: घरातल्या किंवा परिसरातल्या कोणत्याही एका गोष्टीची किमान पन्नास निरीक्षणे घ्या, त्यांची वारंवारता सारणी करा आणि आयतालेख काढा. मुक्ताने प्रथम आईच्या पोळ्यांचे व्यास मोजायचा विचार बोलून दाखवला. "माझ्या पोळ्यांना पट्टी लावलीस तर उद्यापासून तूच लाटायच्या!" असे स्वयंपाकघरातून उत्तर आल्यामुळे तो बेत तिथेच संपला.

तेव्हा गॅलरीत वर्तमानपत्र वाचत बसलेले अण्णा म्हणाले, "माझी वही घे ना. ब्याण्णव दिवस आहेत. एकही खाडा नाही."

अण्णा म्हणजे माझे वडील. वय ७८. तालुका कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, पण कचेरी काही त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. दुधाचा हिशेब, गॅस सिलिंडर कधी लागला त्याची तारीख, पावसाळ्यात छत्री कोणाकडे राहिली त्याची नोंद, असे सारे काही त्यांच्या लांबट वह्यांत तांबड्या समासाच्या आत वळणदार अक्षरात लिहिलेले असते. रक्तदाबाचे निदान झाले, तेव्हापासून रोज सकाळी सात वाजता ते खुर्चीत ताठ बसतात, दंडाला पट्टा बांधतात, यंत्राचे बटण दाबतात आणि आकडा वहीत चढवतात. महिना संपला की खाली दुहेरी रेघ, आणि रेघेखाली सरासरी. डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात ती वही जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर, मिठाच्या बरणीशेजारी असे.

"वही मी देणार नाही हं," अण्णा म्हणाले. "मी सांगतो, तू उतरवून घे." जन्मभर दप्तर सांभाळलेल्या माणसाने मूळ कागद कधी हातावेगळा केला आहे? आजोबा आकडे सांगू लागले आणि नात लिहू लागली. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. फक्त वरचा आकडा घ्यायचा असे ठरले होते. मी आतल्या खोलीत उत्तरपत्रिका तपासत होतो. "एकशे त्रेचाळीस... एकशे छप्पन्न... एकशे एकोणचाळीस..." असा अण्णांचा कचेरीतला सूर कानावर येत होता. पुढे पुढे तो जरा एकसुरी झाला. "एकशे अठ्ठावीस... एकशे अठ्ठावीस... एकशे सत्तावीस... एकशे अठ्ठावीस..."

"आजोबा, पुन्हा अठ्ठावीस?" मुक्ता हसली.

"गोळी लागू पडली, बाळ!"

आतून मी ते ऐकले आणि मला बरे वाटले. का बरे वाटले, ते पुढे सांगतो.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. जेवणाचे टेबल पुसून मुक्ताने त्यावर संसार मांडला. ब्याण्णव आकड्यांची कच्ची यादी समोर ठेवली, की माणसाला काय दिसते? काहीही नाही. लग्नाच्या मांडवात शिरल्यावर गर्दी दिसते, माणूस दिसत नाही, तसे. म्हणून प्रथम त्यांना पंगतीत बसवायचे. त्यासाठी वर्ग पाडायचे: १२० ते १३०, १३० ते १४०, अशा दहा-दहांच्या खोल्या. आता नेमका १३० आला तर त्याला कोणत्या खोलीत घालायचा? मुक्ताने नियम सांगितला: वरच्या. खोल्या फार मोठ्या केल्या, तर सारे बिऱ्हाड दोनच खोल्यांत कोंबले जाते आणि काही कळत नाही. फार लहान केल्या, तर दर खोलीत एक पाहुणा आणि आलेख फणीच्या दातांसारखा दिसतो. किती खोल्या पाडाव्यात, यालाच खरा विवेक लागतो.

मग ताळ्याच्या खुणा. एकेक आकडा वाचायचा आणि त्याच्या वर्गापुढे एक उभी काडी मारायची. चार काड्या झाल्या की पाचवी तिरपी. सरपणाची मोळी बांधतात ना, तशी. मला तो प्रकार फार आवडला. मीही दहा-वीस काड्या मारल्या. ब्याण्णव आकडे असे मोळ्या बांधून तयार झाले:

१२० ते १३०: ५३ दिवस
१३० ते १४०: १३ दिवस
१४० ते १५०: १३ दिवस
१५० ते १६०: ९ दिवस
१६० ते १७०: ४ दिवस

मुक्ता आलेखाच्या कागदावर पट्टीने माप घेऊ लागली. शेजारी सौ. दिवाळीसाठी नव्या रांगोळीचा नमुना वहीत उतरवत होती. तिने लेकीच्या कागदाकडे पाहिले आणि म्हणाली, "म्हणजे ठिपक्यांचीच रांगोळी की! एक लक्षात ठेव, ठिपके नीट पडले पाहिजेत. ते पडले की रेघा कुठून न्यायच्या ते दिसतंच. पण ठिपका चुकला, तर मग कितीही रंग भर."

संख्याशास्त्राचे मोठमोठे ग्रंथ याहून वेगळे काय सांगत असतील?

मुलीसमोर आपले अगदीच हसे होऊ नये, म्हणून मी त्या दिवसांत ग्रंथालयातून एक-दोन पुस्तके आणली होती. त्यांत विल्यम प्लेफेअर नावाच्या स्कॉटिश गृहस्थाची कथा वाचली. वर्षांमागून वर्षे गेली तसा व्यापार कसा वाढला-घटला, ते रेषेने दाखवणारे आलेख त्याने १७८६ साली एका पुस्तकात छापले. त्या पुस्तकात एक आलेख मात्र निराळा होता. स्कॉटलंडच्या आयात-निर्यातीचे त्याला एकाच वर्षाचे आकडे मिळाले होते. एका वर्षाची रेषा काढायची कशी? म्हणून त्याने देशादेशांसाठी पट्ट्या काढल्या. आज शाळेतली मुले काढतात तो स्तंभालेख असा निव्वळ अडचणीतून जन्माला आला. वर्तुळाचे तुकडे पाडून दाखवणारा वृत्तालेखही त्याचाच, १८०१ सालचा. पण मला सर्वांत भावली ती वेगळीच गोष्ट. प्लेफेअरचे वडील तो लहान असतानाच वारले. थोरल्या भावाने, जॉनने, त्याला वाढवले. जॉन पुढे नामांकित गणिती झाला. त्याने धाकट्या भावाला एक शिस्त लावली होती: रोज तापमापक बघायचा, आकडा टिपायचा आणि तो चढउतार रेषांनी कागदावर दाखवायचा. आलेखाची ही सारी विद्या अशी एका घरातून, रोज एक आकडा टिपण्याच्या सवयीतून निघाली. मी हे अण्णांना सांगितले. ते नुसतेच "हं" म्हणाले. एरवी अशा गोष्टीवर त्यांनी तासभर बोलणे केले असते.

संध्याकाळपर्यंत मुक्ताचे गणित झाले. तिने मध्य काढला: १३३.९. मध्यक काढला, म्हणजे सारे दिवस चढत्या क्रमाने उभे केले तर अगदी मधला येतो तो: १२८.७. बहुलक, म्हणजे सर्वांत दाट वस्ती जिथे असते तो: १२५.७. तिघेही एकमुखाने साक्ष देत होते की अण्णांची प्रकृती उत्तम आहे. मी म्हटले, "वा! झाला की प्रकल्प." पण मुक्ता कागदाकडे बघतच राहिली होती.

"बाबा, बाई म्हणाल्या होत्या, एकाच माणसाची अशी रोज मोजलेली मापं बहुधा डोंगरासारखी दिसतात. मधे उंच, दोन्ही बाजूंना उतार. हा डोंगर नाहीये. हे एक घर आहे आणि शेजारी जिना."

खरेच, डावीकडे ५३ चा एक उंच मनोरा आणि त्याच्या उजवीकडे पायऱ्या. मी म्हटले, "असेल ग. गोळी लागू पडली ना!"

पण रात्री मला झोप येईना. ग्रंथालयातल्या त्याच पुस्तकात एक नवल वाचले होते. फ्रान्सिस अ‍ॅन्सकम या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ साली आकड्यांचे चार लहानसे संच प्रसिद्ध केले. प्रत्येकात अकरा-अकरा जोड्या. चारही संचांची सरासरी सारखी, आकड्यांचा विखुरलेपणा सारखा, गणिताने काढलेली परस्परसंबंधाची रेषाही सारखीच. कोष्टकावरून कोणीही म्हणावे, ही चौघे जुळी भावंडे आहेत. पण आलेख काढले, तर एक संच रेषेच्या आसपास विखुरलेला, दुसरा धनुष्यासारखा वाकलेला, तिसरा सरळ रेषेत पण त्यातला एकच ठिपका भलतीकडे, आणि चौथ्यात दहा ठिपके एकावर एक उभे आणि अकरावा लांब एकटा! सरासरी सारखी म्हणून गोष्ट सारखी नव्हे, हे पटवायला त्याला चित्रेच काढावी लागली.

मी उठलो. मुक्ताची कच्ची यादी टेबलावरच होती. त्याच पुस्तकात मांडणीची आणखी एक सोपी रीत होती. जॉन टूकी या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने १९७७ सालच्या आपल्या ग्रंथातून ती लोकप्रिय केली. तिचे नावच मुळी आम्हा भाषेच्या माणसांना आवडावे असे: खोड आणि पान. १४३ या आकड्यातले १४ हे खोड आणि ३ हे पान. खोडे एकाखाली एक लिहायची आणि ज्याची त्याची पाने त्यापुढे लावत जायची. आयतालेखात आकडा एकदा खोलीत शिरला की त्याचे नाव पुसले जाते. इथे प्रत्येकाचे पान शाबूत राहते. मी पेन्सिल घेऊन पाने लावू लागलो. चौदाच्या खोडाला ३, ६, १, ८, २, ५ अशी नाना तऱ्हांची पाने फुटली. पंधरालाही तशीच. आणि बाराच्या खोडाला? ८, ८, ७, ८, ८, ९, ८, ८, ८... पानाची कड आली तरी आठच. अशी एकसारखी पाने झाडाला येत नाहीत. ती कागदाच्या झाडाला येतात.

आता एकच गोष्ट उरली होती. खोल्या पाडताना आणि पाने लावताना आपण तारखा विसरतो. म्हणून मी आडव्या रेषेवर तारखा मांडल्या आणि एकेक ठिपका देत गेलो. जुलैचा महिना सह्याद्रीच्या कड्यांसारखा खालीवर होत गेला. ऑगस्टचे पहिले दहा दिवसही तसेच. आणि अकरा ऑगस्टपासून रेषा एकदम आडवी झाली. सपाट. थेट सप्टेंबरअखेरपर्यंत. अशी सपाट रेषा पडद्यावर दिसली की रुग्णालयात काय धावपळ होते, ते आपण सर्वांनीच पाहिलेले आहे. माझ्या हातातली पेन्सिल थांबली.

अकरा ऑगस्ट. त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मी पुण्याला ताईला फोन केला होता.

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आपल्या मराठी भाषेचा केवढा ठेवा आहे, हे मी वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना सांगत आलो आहे. भोसले राजांच्या काळातली मराठी हस्तलिखिते, मोडीतली दप्तरे. मी स्वतः मात्र तिथे कधी गेलो नव्हतो. दिवाळीच्या सुट्टीला जोडून रजा घ्यावी आणि महिनाभर तिथे जाऊन बसावे, असे त्या वर्षी फार मनात होते. जुलैची वही संपली तेव्हा दुहेरी रेघेखाली १४४ हा आकडा होता. तो पाहून मी ताईला सांगितले, "मी काही जात नाही. अण्णांचं प्रेशर असं आहे, तर मी तिकडे बसून काय वाचणार? राहू दे. पुढं कधीतरी." बोलता बोलता माझा आवाज जरा जड झाला असावा. मग ऑगस्टची सरासरी आली १३३ आणि सप्टेंबरची १२८. ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात मी रेल्वेचे तिकीट काढले.

वाचकहो, त्या रात्री "एकशे अठ्ठावीस" ऐकून मला का बरे वाटले होते, ते आता तुमच्या ध्यानात आले असेल. मला तो आकडा हवा होता.

अण्णा जागेच होते. गॅलरीतला दिवा न लावता खुर्चीत बसले होते. मी शेजारी स्टुलावर टेकलो.

"अण्णा, अकरा ऑगस्टपासून वरचा आकडा एकदम शहाण्यासारखा वागायला लागलाय."

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा घातला. "कोणी शोधून काढलं?"

"मुक्ताच्या आलेखानं."

"हुशार आहे पोर." मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत. "दार उघडं होतं रे त्या दिवशी. तू ताईशी बोलत होतास. मोडी तुला मी शिकवली, या हातांनी. आणि माझ्या एका आकड्यापायी तुझं तंजावर राहायचं?"

"पण मग खरा आकडा काय होता? मोजतच नव्हता का तुम्ही?"

ते उठले. आत जाऊन वही घेऊन आले. माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "उलटी धर."

मी दिवा लावला. वही उलटी करून मागच्या बाजूने उघडली. पहिल्याच पानावर, तांबड्या समासाच्या आत, ओळीखाली ओळ मोडीत लिहिलेली होती. तारीख, आणि पुढे अक्षरी: एकशे अठ्ठेचाळीस. एकशे बावन्न. एकशे एकसष्ट. मोडीतले अंक देवनागरीसारखेच दिसतात, ते मुक्ताने सहज वाचले असते. म्हणून अण्णांनी रुपयांच्या पावतीसारखे अक्षरी लिहिले होते. एकावन्न दिवस. एकही खाडा नव्हता.

"छत्तीस वर्षं नोकरी केली," अण्णा म्हणाले. "खोटी नोंद केली खरी, पण खरी नोंद ठेवल्याशिवाय झोप येईना." आणि मग जरा थांबून, अगदी हळू आवाजात, "या घरात हे वाचू शकणारा तू एकटा. वही रोज टेबलावरच असायची. वाटायचं, आज उलटशील, उद्या उलटशील."

या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. त्या दोन महिन्यांत ती वही मी दहा वेळा तरी हातात घेतली असेन. दर वेळी माझी नजर सरळ दुहेरी रेघेखाली गेली. सरासरी पाहिली, वही मिटली, कॉलेजला गेलो.

दुसऱ्या दिवशी मी मोडी वाचत गेलो आणि मुक्ता तांबड्या पेन्सिलीने ठिपके देत गेली. निळी सपाट रेषा आणि तिच्या वर, बऱ्याच वर, तांबडी खालीवर जाणारी रेषा. दोहोंमध्ये जे अंतर होते, तेवढे अण्णांचे माझ्यावरचे प्रेम होते आणि तेवढाच माझा निष्काळजीपणा. तो कागद घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दोन मिनिटे तो निरखून पाहिला, अण्णांना चार शब्द सुनावले, गोळी बदलली, मीठ कमी करायला सांगितले आणि मला म्हणाले, "यापुढे मला फोनवर सरासरी सांगू नका. हा कागद आणत जा."

तंजावरचे तिकीट मी रद्द केले. अण्णा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

क्रिमियाच्या युद्धाहून परतलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५८ साली रंगीत आकृत्या छापल्या, तेव्हाही असेच झाले असेल का, असे मला वाटून गेले. सैनिक शत्रूच्या गोळ्यांपेक्षा रोगराईनेच जास्त मेले, ही गोष्ट कोष्टकांत होतीच. पण कोष्टके अधिकाऱ्यांच्या डोळ्यांखालून निघून जात. म्हणून तिने महिन्यामहिन्याच्या पाकळ्या काढल्या आणि रोगाच्या मृत्यूंना निळा रंग दिला. तो निळा रंग बघितल्यावर न बघितल्याचे सोंग करता येईना. आलेख नवे काहीच सांगत नाही. वहीत असलेलेच तो सांगतो. पण आपल्याला नजर चुकवून पळू देत नाही.

सरासरीला मी दोष देणार नाही. ब्याण्णव दिवस कोणाच्या डोक्यात मावतात? पण सरासरी विचारणे म्हणजे रस्त्यात भेटलेल्या माणसाला "काय, बरं आहे ना?" असे विचारणे. तो "बरं आहे" म्हणतो आणि आपण पुढे जातो. दोघांचीही सोय होते. आलेख काढायचा म्हणजे मात्र त्याच्याजवळ बसावे लागते. एकेक दिवस विचारावा लागतो. ठिपका देण्यापुरते का होईना, त्या दिवसापाशी थांबावे लागते.

आणि हो, ती कबुली. अण्णांना खोट्या नोंदीबद्दल बोलावे, असे एकदा माझ्या मनात आले होते. पण मला माझ्या सत्तरावर उभ्या केलेल्या स्तंभांची आठवण झाली. रेषेचा आलेख मधूनच सुरू केला तरी चालतो, कारण तिथे आपण चढउतार पाहतो. स्तंभाची मात्र उंचीच बोलते, आणि तळ कापला की ती खोटे बोलते, हे मला एव्हाना कळले होते. बापाने मुलासाठी आकडा बदलला; मुलाने चहाच्या कपासाठी जमीन बदलली होती. सुट्टीनंतर मी शून्यापासून नवा आलेख काढला आणि विभागाच्या फाइलमध्ये जुन्याच्या जागी लावला. चारी भाऊ पुन्हा राष्ट्रगीताला उभे राहिले. आजतागायत कोणाच्याही ते लक्षात आलेले नाही.

तंजावरला मी गेलो, पण २०२५ च्या जानेवारीत आणि बाराच दिवस. अण्णा तेवढे दिवस ताईकडे होते. रोज सकाळी सव्वासातला फोन यायचा. "लिहून घे. अक्षरी, एकशे बत्तीस." समोर भोसल्यांचे दप्तर आणि खिशात माझ्या घरचे, असे ते बारा दिवस गेले.

आता वर्ष होत आले. मुक्ता अकरावीत गेली, पण आलेखाचा कागद टेबलावर, मिठाच्या बरणीच्या जागी, कायमचा आला. सकाळी आकडा अण्णा सांगतात आणि ठिपका मी देतो. अर्ध्या मिनिटाचे काम. पण त्या अर्ध्या मिनिटात रात्री झोप कशी लागली, गुडघा काय म्हणतो, खालच्या मजल्यावरच्या काकांची काय बातमी, असे सारे निघते. त्या ठिपक्यांना जोडणारी रेषा आता बरीच खाली उतरली आहे आणि मुख्य म्हणजे ती खालीवर होते. डोंगर पुन्हा डोंगरासारखा दिसतो.

काल ठिपका जरा वर गेला. मी अण्णांकडे पाहिले. "एका ठिपक्यानं काही ठरत नसतं, बाबा," मुक्ता दप्तर भरता भरता म्हणाली. ते तर खरेच. पण परवा रात्री सौ.ने नव्या भाजणीचा पहिला घाणा काढला होता, हे मला ठाऊक होते.

"चकल्या?" मी विचारले.

"हं."

"किती?"

अण्णांनी वर्तमानपत्र वर केले. "दोन," पलीकडून उत्तर आले.

डब्यातल्या मी मोजल्या होत्या. पाच कमी होत्या.